ट्रकवर ७.२ किलोवॅट लिहिलंय, पण आरव्हीत पोचतात किती?

हायब्रिड पिकअप घेतला, मागे आरव्ही, म्हणजे आत राहता येईल असं चाकांवरचं घर, जोडली, आणि आता ट्रकच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या सामान ठेवायच्या उघड्या भागात, जे प्लग पॉइंट दिलेत त्यांच्यावर आख्खी आरव्ही चालेल का, एअर कंडिशनरसकट (पुढे नुसतं एसी म्हणतो), हा प्रश्न अमेरिकेत कॅम्पिंगला जाणाऱ्या बऱ्याच लोकांना पडतो. उत्तर हो आहे. चालते, आणि नीट जुळवलं तर फार छान चालते. पण ट्रकवर जो आकडा लिहिलेला असतो तो जसाच्या तसा आरव्हीच्या आत पोचत नाही हे आधी लक्षात घ्या, कारण मधे अडॅप्टर असतो, केबल असते, आरव्हीचं पॅनल असतं, बॅटरीचा चार्जर असतो, आणि टाकी कितीही मोठी असली तरी पाणी शेवटी नळाच्या तोंडाएवढंच येतं, तसं यातलं जे सगळ्यात अरुंद असेल त्याच्यावर सगळा हिशोब ठरतो. म्हणून ट्रकपासून सुरू करून आतपर्यंत जाऊ.

ट्रकमध्ये नक्की काय होतं

उदाहरणाला फोर्ड एफ-१५० पॉवरबूस्ट घेतो, कारण ७.२ किलोवॅट देणारा हायब्रिड पिकअप म्हटलं की पहिलं नाव त्याचंच येतं. २०२१ च्या मॉडेलपासून हा आला. ३.५ लिटरचं टर्बो व्ही-६ पेट्रोल इंजिन, गिअरबॉक्सच्या आतच बसवलेली ३५ किलोवॅटची इलेक्ट्रिक मोटर आणि १.५ किलोवॅट-अवरची लिथियम बॅटरी. ट्रक पार्कमध्ये उभा असताना इंजिन ती मोटर फिरवतं, मोटर उलटी जनरेटरचं काम करते, वीज बॅटरीत जाते, आणि तिथून इन्व्हर्टर घरगुती वीज बनवून बेडमधल्या पॉइंटला देतो. या सगळ्याला फोर्ड प्रो पॉवर ऑनबोर्ड म्हणते.

इथे बऱ्याच जणांना वाटतं की हायब्रिड आहे म्हणजे रात्रभर बॅटरीवर शांतपणे चालेल. तसं नाहीये. १.५ किलोवॅट-अवर म्हणजे आरव्हीचा एक एसी तासभरही चालणार नाही एवढीच वीज. ती बॅटरी फक्त मधला साठा आहे, इंजिन थोडा वेळ चालतं, ती भरते, इंजिन बंद होतं, मग लोड बॅटरीवर चालतो, ती खाली आली की इंजिन परत आपोआप सुरू. लोड कमी असेल, म्हणजे दिवे, फोन चार्जिंग, लॅपटॉप वगैरे, तर मधे बराच वेळ पूर्ण शांतता मिळते आणि साध्या जनरेटरपुढे हा फार मोठा फायदा आहे. एसी लावला की मात्र इंजिन सारखं सारखं सुरू होणार, आणि पूर्ण लोड टाकला तर ते थांबायचं नावच घेणार नाही.

या सिस्टीमचे पॉवरबूस्टमध्ये दोन प्रकार येतात. स्टँडर्ड २.४ किलोवॅटचा, त्यात फक्त १२० व्होल्टचे पॉइंट. आणि जास्तीचे पैसे देऊन घ्यायचा ७.२ किलोवॅटचा, त्यात बेडमध्ये १२० व्होल्ट २० अँपिअरचे चार पॉइंट आणि शिवाय २४० व्होल्ट ३० अँपिअरचा एक मोठा गोल पॉइंट, प्लग घालून फिरवला की लॉक होतो तो. सेकंडहँड ट्रक बघत असाल तर विकणारा काय सांगतो त्यापेक्षा बेडमध्ये वाकून तो गोल पॉइंट आहे का बघा, तो असेल तर ७.२, नसेल तर नाही, विषय संपला. आणि हायब्रिड म्हणजे जनरेटर आलाच असं पण समजू नका, टोयोटाच्या टॅकोमा हायब्रिडमध्ये २,४०० वॅटचा इन्व्हर्टर मिळतो पण नवी टुंड्रा हायब्रिड आली तेव्हा तिच्या बेडमधला पॉइंट ४०० वॅटचा होता, त्यावर मायक्रोवेव्हसुद्धा चालणार नाही.

ही सोय किती उपयोगी आहे ते फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससला कळलं. बर्फाच्या वादळात तिथली ग्रिड कोलमडली, लोक दिवसेंदिवस अंधारात आणि थंडीत होते, आणि ज्यांच्या दारात हा ट्रक होता त्यांनी त्याच्यावर हीटर, फ्रीज चालवले. तेव्हा फोर्डने तिथल्या डीलर्सना सांगितलं की स्टॉकमध्ये जे असे ट्रक आहेत ते गरजू लोकांना वापरायला द्या.

आरव्हीची बाजू

आरव्हीत दोन वेगवेगळ्या विजा असतात. एक १२ व्होल्ट डीसी, आरव्हीच्या स्वतःच्या बॅटरीवरची, त्याच्यावर दिवे, पाण्याचा पंप, गॅस हीटरचा पंखा हे चालतं. दुसरी १२० व्होल्टची घरगुती वीज, त्याच्यावर एसी, मायक्रोवेव्ह, भिंतीतले प्लग पॉइंट, पाणी तापवायची इलेक्ट्रिक कॉइल. आणि या दोघांच्या मधे एक डबा असतो, कन्व्हर्टर, जो १२० व्होल्ट घेऊन १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करतो. हा डबा लक्षात ठेवा, पुढे त्याचं मोठं काम आहे.

बाहेरून वीज घ्यायला आरव्ही दोन प्रकारच्या असतात, ३० अँपिअर आणि ५० अँपिअर, आणि ऐकायला वाटतं ५० म्हणजे ३० च्या दीडपटीहून जरा जास्त. अजिबात नाही! ३० अँपिअरच्या आरव्हीला तीन पिनांचा प्लग असतो, टीटी-३०, त्यात १२० व्होल्टची एकच लाइन, म्हणजे १२० गुणिले ३०, झाले ३,६०० वॅट. ५० अँपिअरला चार पिना, १४-५० म्हणतात त्याला, त्यात १२० व्होल्टच्या दोन लाइनी आणि प्रत्येकीवर ५० अँपिअर, म्हणजे एकूण १२,००० वॅट. तिपटीपेक्षा जास्त.

आता ट्रकचा गोल पॉइंट, त्याचं नाव एल१४-३०, त्यातही दोन लाइनी आहेत, प्रत्येकीवर ३० अँपिअर. ३,६०० अधिक ३,६००, असे ते ७,२०० वॅट होतात. आणि इथेच पहिली गळती आहे. तुमची आरव्ही ३० अँपिअरची असेल तर एल१४-३० ते टीटी-३० असा अडॅप्टर लागतो, आरव्हीवाले त्याला डॉगबोन म्हणतात, आणि तो दोनपैकी एकच लाइन आरव्हीला देतो कारण आरव्हीकडे दुसरी घ्यायला जागाच नाही. म्हणजे ट्रक ७.२ चा असला तरी तुम्हाला मिळणार ३.६, आणि अर्धा ट्रक तसाच पडून राहणार. यात काही बिघडलेलं नसतं, कुठला अडॅप्टर बदलून हे वाढणार पण नाही. उरलेली लाइन वापरायचीच असेल तर बेडमधल्या १२० व्होल्टच्या पॉइंटवरून वेगळी केबल काढून बाहेरची इंडक्शन शेगडी वगैरे त्याच्यावर लावा, ते चालतं.

५० अँपिअरची आरव्ही असेल तर एल१४-३० ते १४-५० अडॅप्टर घ्यायचा आणि दोन्ही लाइनी मिळतात, प्रत्येकीवर ५० ऐवजी ३० अँपिअर. ही जोडी मला सगळ्यात चांगली वाटते, कारण दोन एसी असलेल्या आरव्हीत सहसा एक एसी एका लाइनवर आणि दुसरा दुसऱ्या लाइनवर असतो, म्हणजे लोड आपोआप वाटला जातो.

२.४ किलोवॅटवाल्यांना २० अँपिअरच्या साध्या पॉइंटवर छोटा अडॅप्टर लावून ३० ची आरव्ही जोडता येते. तेव्हा मिळतात २,४०० वॅट. बॅटरी चार्जिंग, मायक्रोवेव्ह, टीव्ही सगळं होईल. एसी मात्र काठावर.

कशाला किती लागतं

छतावरचा १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करायच्या ताकदीचं माप) एसी चालू असताना साधारण १२ ते १६ अँपिअर घेतो, बाहेर जेवढं ऊन तेवढा जास्त. पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी तो ५०-६० अँपिअरचा झटका मारतो, सेकंदाच्या छोट्याशा भागापुरता, आणि छोटे जनरेटर याच झटक्याला बंद पडतात. यावर उपाय म्हणजे सॉफ्ट स्टार्टर, एसीच्या आत बसवायचा छोटा डबा, तो हा झटका अर्ध्याच्या आसपास खाली आणतो. ७.२ वर एक एसी असाही सुरू होईल बहुतेक, पण २.४ वर चालवायचा विचार असेल तर सॉफ्ट स्टार्टर आधी लावा आणि मग बाकीचं बोला.

मायक्रोवेव्हवर १,००० वॅट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारे, भिंतीतून तो १,५०० च्या आसपास ओढतो, म्हणजे १३ अँपिअर. पाणी तापवायची कॉइल १,४४० वॅट, १२ अँपिअर. इलेक्ट्रिक हीटर, हेअर ड्रायर प्रत्येकी १,५०० वॅट. आता ३० अँपिअरच्या आरव्हीत एसी १४ आणि मायक्रोवेव्ह १३ मिळून २७ झाले, बसले. तेवढ्यात कोणी विसरलेली पाण्याची कॉइल चालू असली की ३९, आणि ब्रेकर पडला. म्हणून ट्रकवर असताना पाणी आणि फ्रीज दोन्ही गॅसवर टाकून ठेवा, बऱ्याच आरव्हीत ती सोय असते, आणि गॅस या कामाला कितीतरी सोयीचा आहे. ज्याचं काम उष्णता द्यायचं आहे ते शक्यतो विजेवर चालवूच नका.

केबलबद्दल थोडक्यात. ३० अँपिअरला १० गेजची केबल लागते (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड). ५० फुटांच्या १० गेज केबलमध्ये २४ अँपिअरला जेमतेम अडीच व्होल्ट पडतात. तेवढ्याच लांबीच्या १४ गेजच्या स्वस्त एक्स्टेंशनमध्ये त्याच लोडला सहा व्होल्ट जातील, केबल तापेल, आणि कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या एसीच्या कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होईल. गॅरेजमधली नारिंगी एक्स्टेंशन कॉर्ड या कामाला नाही म्हणजे नाही.

जोडलं आणि लगेच ट्रिप झालं

आता ज्या गोष्टीने लोक खरंच वैतागतात तिच्याकडे येऊ. कॅम्पग्राउंडवर वीज देणारा जो खांब असतो त्याच्यावर आरव्ही वर्षानुवर्षं व्यवस्थित चालते, ट्रकला जोडली की दोन सेकंदांत ट्रिप, आणि ट्रकच्या स्क्रीनवर ग्राउंड फॉल्टचा मेसेज. बहुतेकांना वाटतं ट्रक खराब आहे. बहुतेक वेळा ट्रक खरं बोलत असतो.

ट्रकचे पॉइंट जीएफसीआय संरक्षणाचे आहेत. म्हणजे फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का हे सतत मोजलं जातं, आणि थोडासुद्धा कमी आला तर तो अर्थिंगमधून किंवा कोणा माणसाच्या अंगातून गेला असणार असं धरून वीज तोडली जाते. अमेरिकेत माणसांच्या सुरक्षेसाठीच्या जीएफसीआयची मर्यादा ४ ते ६ मिलिअँपिअर असते. एवढासा करंट! कॅम्पग्राउंडच्या खांबावरचे ३० आणि ५० अँपिअरचे पॉइंट मात्र सहसा जीएफसीआयचे नसतात, त्यामुळे आरव्हीत थोडी गळती असली तरी तिथे ती कधी कळतच नाही. ट्रकवर पहिल्यांदा कळते.

गळती कुठून येते? नंबर एकची संशयित पाणी तापवायची कॉइल. टाकीत पाणी नसताना चुकून तिचा स्विच चालू राहिला की ती लगेच जळते, वरचं कवच तडकतं, आणि मग पाण्यातून अर्थिंगला करंट जायला लागतो. नंबर दोन, गॅस-इलेक्ट्रिक फ्रीजमधली हीटिंग कॉइल, ती जुनी झाली की ओलावा धरते. मग कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना चिकटलेले असणं. हे जरा समजून घेण्यासारखं आहे. न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच ठिकाणी जोडलेले असायला हवेत, जिथून वीज सुरू होते तिथे. ट्रकमध्ये ते जोडलेले आहेत, म्हणून आरव्हीच्या पॅनलमध्ये ते वेगळेच राहिले पाहिजेत. दोन्हीकडे जोडले तर परत येणारा करंट दोन रस्त्यांनी विभागला जातो, न्यूट्रलमधून कमी परत येतो, आणि जीएफसीआय लगेच तोडतो. (घराला हा ट्रक जोडताना पण लोकांना हाच त्रास होतो, कारण घराच्या मेन पॅनलमध्ये ते जोडलेलेच असतात.) आरव्हीत कोणीतरी हौसेने वायरिंग केलं असेल आणि पॅनलमध्ये दोन्ही पट्ट्या एक करून ठेवल्या असतील तर तेच होणार. ज्या आरव्हीत मोठा इन्व्हर्टर-चार्जर आहे तिथे आणखी एक प्रकार दिसतो, तो स्वतः वीज बनवत असतो तेव्हा न्यूट्रल-अर्थिंग आतून जोडून ठेवतो आणि बाहेरची वीज आली की रिलेने सोडतो, त्या सोडण्याच्या क्षणी जरा उशीर झाला तरी ट्रिप.

शोधायचं कसं ते सांगतो. आरव्हीच्या पॅनलमधले सगळे ब्रेकर खाली करा, मेनसकट. फ्रीज आणि पाणी गॅसवर. इन्व्हर्टर पूर्ण बंद. मग ट्रकला जोडा. ट्रिप झालं नाही तर मेन वर करा, थांबा, मग एकेक ब्रेकर वर करत जा आणि प्रत्येक वेळी ते उपकरण खरोखर चालू होईपर्यंत वाट बघा, नुसता ब्रेकर वर करून पुढे जाऊ नका कारण कॉइलचा थर्मोस्टॅट बंद असेल तर गळती दिसणारच नाही. ज्या ब्रेकरला ट्रिप होईल तो तुमचा चोर. पण सगळे ब्रेकर खाली असतानाही ट्रिप होत असेल तर केबल, अडॅप्टर किंवा न्यूट्रल-अर्थिंगवर संशय घ्या, कारण ब्रेकर फक्त फेज तोडतो, न्यूट्रल आपली जोडलेलीच राहते. आधी नुसती केबल लावून बघा, तिचं आरव्हीकडचं टोक मोकळं ठेवून. ओल्या गवतात पडलेला केबलचा जोड सुद्धा पुरेसा असतो, तो जमिनीवरून उचलून कोरडा केला की प्रश्न सुटतो कधी कधी.

आणि हे मी अगदी हात जोडून सांगतो, अर्थिंगची पिन कापून किंवा अर्थिंग नसलेला अडॅप्टर लावून हा प्रश्न सोडवू नका. तसं केलं की ट्रिप थांबतं हे खरं आहे, पण गळती तशीच राहते आणि आता तो करंट आरव्हीच्या पत्र्यावर येऊन बसतो, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराच्या हँडलला हात लावणारं पहिलं माणूस लहान मूलही असू शकतं.

छोट्या पोर्टेबल जनरेटरबरोबर लोक न्यूट्रल-अर्थिंग जोडणारा एक प्लग वापरतात, कारण त्या जनरेटरमध्ये ते जोडलेले नसतात आणि आरव्हीचं सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे येणारी वीज तपासणारा डबा, त्याला फॉल्ट समजून वीज आत घेत नाही. तो प्लग ट्रकबरोबर वापरायचा नाही. ट्रकमध्ये ते आधीच जोडलेले आहेत.

ट्रक ७.२ चा, बॅटरी मात्र तासन्‌तास भरते

बूनडॉकिंग म्हणजे हुकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, नसलेल्या जागी राहणं, बीएलएम या अमेरिकी सरकारी खात्याच्या जमिनीवर वगैरे, तिथे साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस एका भागात राहता येतं. अशा ठिकाणी ट्रकचा खरा उपयोग आरव्ही दिवसभर चालवण्यात नाही, आरव्हीची बॅटरी भरण्यात आहे असं माझं स्पष्ट मत आहे. एक-दोन तास ट्रक चालवा, बॅटरी भरा, ट्रक बंद करा, मग उरलेला दिवस आणि रात्र बॅटरीवर.

पण इथे तो कन्व्हर्टर आडवा येतो. समजा तुमच्याकडे १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या आहेत, मिळून सुमारे अडीच किलोवॅट-अवर. आरव्हीबरोबर आलेला कन्व्हर्टर ५५ अँपिअरचा असेल तर तो बॅटरीला देणार साडेसातशे वॅट, आणि रिकाम्या बॅटऱ्या भरायला साडेतीन तासांच्या वर लागणार. मागे ७,२०० वॅटचा ट्रक उभा आहे आणि बॅटरीत जातायत साडेसातशे! ट्रक कितीही मोठा घेतला तरी यात एक मिनिटाचा फरक पडणार नाही. तोच कन्व्हर्टर काढून १०० अँपिअरचा लिथियमला चालणारा चार्जर बसवला की हेच काम दोन तासांत होतं, आणि ट्रकवर लोड येतो फक्त दीड-पावणेदोन हजार वॅट, म्हणजे २.४ वाल्या ट्रकलाही झेपतो. माझ्या मते ट्रकमध्ये मोठी सिस्टीम घेण्यापेक्षा आरव्हीत हा चार्जर बदलणं जास्त फायद्याचं आहे, निदान ज्यांना एसी लागत नाही त्यांच्यासाठी तरी. फक्त चार्जरपासून बॅटरीपर्यंतची वायर आणि फ्यूज त्या करंटला पुरेसे जाड आहेत का ते तपासून घ्या, आणि बॅटरीची कंपनी किती करंटने चार्ज करू देते ते पण.

जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या असतील तर गणित बदलतं. त्या ८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी लवकर भरतात आणि शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास घेतात, कारण भरत आल्या की त्या स्वतःच करंट घेणं कमी करतात. तेवढ्यासाठी व्ही-६ इंजिन चालवत बसण्यात काही अर्थ नाही. सकाळी तासभर ट्रकवर मोठा भाग भरून घ्या आणि शेवटचं टोक छतावरच्या सोलर पॅनलवर सोडा, दिवसभर संथपणे ते करत राहील.

पेट्रोल किती जातं

फोर्डचे आकडे असे आहेत, ३०.६ गॅलनची (एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर) टाकी पूर्ण भरलेली असेल तर २.४ किलोवॅटच्या पूर्ण लोडवर ८५ तास आणि ७.२ च्या पूर्ण लोडवर ३२ तास. भागाकार केला की ताशी अनुक्रमे ०.३६ गॅलन आणि साधारण एक गॅलन, म्हणजे एका गॅलनमागे पावणेसात ते साडेसात युनिट (किलोवॅट-अवर) वीज. एका गॅलन पेट्रोलमध्ये ३३.७ युनिट ऊर्जा असते, त्यातला वीस-बावीस टक्के भाग वीज होऊन बाहेर येतो.

तुलनेला होंडाचा ईयू२२००आय घ्या, आरव्हीवाल्यांचा आवडता छोटा जनरेटर. त्याची टाकी ०.९५ गॅलनची, १,८०० वॅटवर ३.२ तास चालतो, म्हणजे गॅलनमागे सहा युनिट. लोड पाव केला की ८.१ तास चालतो पण मग गॅलनमागे चारपेक्षाही कमी युनिट पडतात. म्हणजे मोठ्या लोडला ट्रक पेट्रोलच्या बाबतीत अजिबात मागे नाही, आणि हे बऱ्याच लोकांना खरं वाटत नाही. रात्रभर एक एसी चालवायचा, आठ तास, सरासरी दीड किलोवॅट धरली तर १२ युनिट झाले, दोन गॅलनच्या आत-बाहेर पेट्रोल. शिवाय उंचावर गेलं की होंडासारख्या साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते, कोलोरॅडोत ८,००० फुटांवर पाव भागापेक्षा जास्त गेली. ट्रकचं इंजिन टर्बोचं, ४३० हॉर्सपॉवरच्या ट्रकचं, त्याला ७.२ किलोवॅट म्हणजे किरकोळ काम, तिथे काही फरक जाणवत नाही.

होंडाची बाजू पण सांगायला हवी. तो २१ किलोचा डबा कॅम्पवर ठेवून तुम्ही ट्रक घेऊन फिरायला जाऊ शकता. ट्रकच जनरेटर असेल तर ट्रक गेला की वीज गेली, आणि आरव्हीत कुत्रं एकटं असेल आणि बाहेर कडक ऊन असेल तर हा साधा प्रश्न राहत नाही.

धूर

हे सगळ्यात महत्त्वाचं. ट्रकचा धूर मागच्या बाजूने निघतो, आणि ट्रेलर, म्हणजे ओढून न्यायची आरव्ही, जोडलेली असते ती मागेच. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग, आणि झोपेत तो माणसाला जागं होण्याची संधीच देत नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी जनरेटर दारा-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब ठेवायला सांगते. ट्रेलर जोडलेल्या ट्रकचा सायलेन्सर ट्रेलरच्या तोंडापासून २० फूट कधीच नसतो, काही फुटांवर असतो! त्यामुळे कितीही वेळ चालवायचं असलं तरी, आणि झोपताना चालवायचं असेल तर नक्कीच, ट्रेलर सोडा, ट्रक ३० फूट पुढे घ्या, वाऱ्याची दिशा बघून असा लावा की धूर आरव्हीपासून लांब जाईल, आणि लांब केबल वापरा. ट्रेलर न सोडता फक्त खिडक्या बंद केल्याने भागत नाही, कारण आरव्ही हवाबंद नसते आणि एसी, पंखे, आरव्हीच्या तळातली भोकं यातून हवा आत येतच राहते. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो तो बटण दाबून तपासा, आणि त्याच्या मागे मुदत छापलेली असते ती पण वाचा, मुदत संपलेला अलार्म बटण दाबल्यावर वाजतो म्हणून तो गॅस ओळखेल असं नाही.

आणि ट्रक कशावर उभा आहे ते बघा. इंजिन तास न्‌ तास चालतं तेव्हा खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) प्रचंड तापतो, पश्चिमेकडच्या राज्यांत उन्हाळ्यातलं वाळलेलं उंच गवत त्याला लागलं तर वणवा लागायला वेळ लागत नाही. मोकळी माती किंवा खडी शोधा.

चालत्या गाडीत पण या पॉइंटना वीज येते, त्यामुळे काही जण ट्रेलरपर्यंत केबल ओढून प्रवासातच बॅटरी भरायला बघतात. मी ते करू नका म्हणेन. वळणावर केबल ताणते, रस्त्याला घासते, आणि १२० व्होल्टची सोललेली केबल ट्रेलरच्या लोखंडी हिचवर, म्हणजे जोडायच्या हुकवर, पडलेली कोणाला नको असते. प्रवासात चार्जिंगच हवं असेल तर त्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे ट्रकच्या १२ व्होल्टवरून आरव्हीची बॅटरी भरणारा डबा, आणि कायमची नीट बसवलेली जाड वायर हा मार्ग आहे.

कॅम्पग्राउंडवर जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि ट्रक दिसतो ट्रकसारखा पण वीज बनवत इंजिन चालू असेल तर शेजारच्या तंबूतल्या माणसासाठी तो जनरेटरच. वेळा पाळा. रात्री एसी हवाच असेल तर हुकअपची जागा घेतलेली बरी.

शेवटी, ट्रक चालू करायची पद्धत. पार्कमध्ये टाका, पार्किंग ब्रेक लावा, चाकांना अडसर लावा, स्क्रीनवरून प्रो पॉवर ऑनबोर्ड चालू करा, आणि आधी आरव्हीचा मेन ब्रेकर खाली ठेवूनच प्लग घाला, गोल प्लग पूर्ण फिरून लॉक झाला का बघा, अर्धवट बसलेला प्लग तापतो आणि पिना जळतात. मग मेन वर करा, आधी एसी सुरू होऊ द्या, तो स्थिर झाला की बाकीचं. काढताना याच्या बरोबर उलटं. किती वॅट जातायत ते स्क्रीनवर दिसतं, पहिल्या दिवशी एकेक उपकरण लावून ते आकडे कागदावर लिहून ठेवा, तुमच्या आरव्हीचे खरे आकडे तेच. आणि निघताना जवळचा पेट्रोल पंप किती मैलांवर आहे, ट्रेलर ओढत तिथे पोचायला किती गॅलन लागतील हे काढून, टाकीत तेवढं शिल्लक असतानाच वीज बंद करायची हे आधीच ठरवून ठेवा, कारण ज्या टाकीतून एसी चालतो त्याच टाकीवर तुम्हाला परत यायचंय.